उंदराचा उजवा कान

वडखळहून अलिबागकडे निघालात की पोयनाडच्या अलीकडे डाव्या हाताला एक उंदीर लागतो. सिमेंटचा आहे, दोन मजली उंच, आणि त्याच्या तोंडातून आत गेलं की मिसळ मिळते. या रस्त्यावर तुम्हाला कुणी पत्ता सांगितला असेल तर तो उंदरापासूनच सांगितला असणार. उंदराच्या पुढं पेट्रोल पंप, उंदराच्या मागं शाळा, उंदीर दिसला नाही म्हणजे तुम्ही रस्ता चुकलात. एसटीच्या थांब्यावर पूर्वी आमच्या गावाचं नाव होतं. आता तिथं 'उंदीर' अशी पाटी आहे, आणि गावानं तक्रार करायची सोडून त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतलेत.

त्या उंदराच्या डोक्यात मी सहा वर्षं बसले. गमतीनं सांगत नाही. डोक्याच्या पोकळीत माळा आहे. माळ्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालाचे डबे आणि एक लाकडी पाट. त्या पाटावर बसून मी रोज दुपारी बिरडं सोलायची. भिजवून मोड आणलेल्या वालाचं एकेक साल काढायला किती वेळ लागतो ते ज्यानं सोललंय त्यालाच माहीत. बाकीचे नुसते खातात आणि अजून आहे का विचारतात.

उंदीर बांधला माझ्या सासऱ्यांनी, धर्माबाबांनी. ते पेणला गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं होते. कारखान्यात ज्याचं त्याचं काम ठरलेलं असतं. कुणी साचा भरतो, कुणी सोंड जोडतो, कुणी डोळ्यांची आखणी करतो. बाबांच्या वाट्याला पहिल्या दिवशी उंदीर आला आणि तो तीस वर्षं सुटला नाही. बोटाएवढा, वीतभर, मंडळाच्या गणपतीसाठी हातभर. घरी परतल्यावर रस्त्याकडेच्या आपल्या जागेत मासळीचं हॉटेल काढायचं त्यांनी ठरवलं. लोकांनी थांबावं असं काहीतरी बांधू, असं सगळ्यांच्या मनात होतं. अल्पेश, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, होडी बांधा म्हणाला. बाबा म्हणाले, "तीस वर्सं जे केला तेच नीट होईल."

म्हणून उंदीर झाला. सळ्या, कोंबडीची जाळी आणि सिमेंट. तोंड रस्त्याकडे, पोटात आठ टेबलं, शेपटीत हात धुवायची मोरी, आणि मागच्या पायांच्या जागी आमच्या राहत्या दोन खोल्या. मासळीचं हॉटेल आहे हे कळावं म्हणून उंदराच्या हातात मोदकाऐवजी पापलेट दिलं. माझ्या सासरच्या एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारखान्यात उंदीर वेगळा वाळत असतो, वेगळा रंगवतात. गणपतीशेजारी नेऊन ठेवीपर्यंत तो नुसता उंदीरच. बाबांनी तीस वर्षांत तो कुणाशेजारी बसतो याचा विचारच केला नव्हता.

तो विचार गिऱ्हाइकांनी केला. उघडल्याला पंधरा दिवस झाले नसतील, अंगारकी आली. मुंबईहून आलेलं एक कुटुंब गाडीतून उतरलं, त्यांनी चपला काढल्या, उंदराच्या पायावर दुर्वा वाहिल्या आणि मग आत येऊन विचारलं, उपासाचं काय आहे? आत कढईत बोंबील होते. महिन्याभरात गावचे येसाजी पाटील चार माणसं घेऊन आले आणि म्हणाले, "धर्मा, देवाच्या वाहनाच्या पोटात तू मासली तलतोस?" त्या दिवसापासून मासळी बंद. पापलेटावर सिमेंट थापून मोदक केला. तरी खाली वाकून बघितलंत तर मोदकाखालून शेपूट बाहेर आलेलं दिसेल.

हॉटेलात बंद म्हणजे घरातही बंद, कारण घर त्याच पोटाच्या मागं. आगऱ्याच्या घरात मासळी नाही, हे सांगितलं तर माझ्या माहेरचे अजून हसतात. सासूबाई, सखुबाई त्यांचं नाव, महिन्यातून एकदा बहिणीकडे जायच्या आणि परत आल्यावर दिवसभर कुणावर चिडायच्या नाहीत. अल्पेश बंदरावरून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवतो. तो आठवड्या-पंधरवड्यानं घरी यायचा आणि त्याच्या शर्टाला सुरमईचा वास असायचा. मी तो शर्ट धुवायला घेताना जरा जास्तच वेळ हातात धरायची. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते. इथं मात्र मी त्याला 'तो' म्हणणार, आणि का ते पुढं कळेलच.

उंदीर आणि मासळीबंदी, दोन्ही मी लग्न होऊन येण्याआधीची. मी पेणला एका खासगी लॅबमध्ये होते. रक्ताचे नमुने घ्यायचे, काचेवर थेंब पसरायचा, भिंगातून बघायचं. मला ते काम आवडायचं. मला बघायला आले तेव्हा अल्पेशनं सांगितलं, "हॉटेलचा जम बसेपर्यंत एक वर्स. मग परत जा तुज्या लॅबला." मी वर्ष मोजलं. दुसरं मोजलं. तिसऱ्या वर्षी मोजायचं सोडलं, कारण तोवर कानाची भानगड झाली होती आणि ती माझ्याच हातानं झाली होती.

उंदराच्या कानात इच्छा सांगायची पद्धत तुम्हाला माहीत असेल. देवळात एका कानात सांगतात आणि दुसऱ्या कानावर हात ठेवतात, म्हणजे सांगितलेलं बाहेर पडत नाही. आमच्या उंदराचे कान मोठ्या सुपाएवढे, आणि एकापासून दुसरा चांगला अठरा फुटांवर. उजव्या पायावरून पंधरा पायऱ्या चढून लोक उजव्या कानाशी पोचायचे, आणि डावा कान, जो खाली हात पुरेल इतका झुकवलेला होता, तो झाकायला दुसरं माणूस लागायचं. एकटा कुणी आला तर सासूबाई हात पुसत बाहेर यायच्या आणि डाव्या कानावर पंजा ठेवून उभ्या राहायच्या.

माळ्यावर हवा यावी म्हणून बाबांनी उजव्या कानातून चार इंची पाइप आत घेतला होता. तो माझ्या पाटाशेजारीच उघडायचा. पहिल्यांदा त्यातून आवाज आला तेव्हा मी घाबरून डबा सांडला. मग सवय झाली. कुणाला सांगावं असं वाटलं नाही. त्या घरात माझं म्हणून एवढंच होतं. कुणाला नोकरी हवी, कुणाला घर, कुणाला शेजाऱ्याचं वाटोळं. मला मूल व्हावं म्हणूनही कुणीतरी सांगून गेलं. कोण ते मी ओळखलं, आणि त्या दिवशी तिच्या भाजीत तिखट जरा जास्त पडलं.

कमळ नावाची एक बाई नाकातली नथ हरवली म्हणून कानाशी रडली. ती नथ मला सकाळीच मोरीत सापडली होती. समोर जाऊन दिली असती तर संपलं असतं. पण मला कसं कळलं हे सांगावं लागलं असतं, म्हणून मी ती उंदराच्या पायाशी ठेवून दिली. कमळनं आख्ख्या पंचक्रोशीत बोंब मारली. मग एका मुलीनं सांगितलं की बाप कॉलेज सोडायला लावतोय. बाप रोज आमच्याकडे चहाला यायचा. महिनाभर त्याला चहा देताना मी त्याच्या मुलीच्या हुशारीबद्दल बोलत राहिले. मुलगी शिकतेय. श्रेय उंदराला गेलं.

अशी मी सात-आठ कामं केली असतील, तेवढी पुरली. कुणीतरी व्हिडिओ टाकला. मंगळवारी रांग लागायला लागली, संकष्टीला तर रस्त्यापर्यंत. हॉटेलचा जम बसला, आणि इतका बसला की मला सोडणं कुणाला परवडेना. पहाटे उठून मटकी, दहाला गिऱ्हाईक, दुपारी बिरडं, संध्याकाळी थालीपीठं. सासूबाईंचे गुडघे गेले होते. बाबा कान रंगवण्यात आणि फोटोत उभं राहण्यात गुंतलेले. पेणच्या लॅबमधून दोनदा फोन आला, तिसऱ्यांदा आला नाही. उंदराला पावणारा करणारी मी, आणि त्याच्या पोटातून बाहेर पडायला वाट नाही ती मलाच. मला स्वतःचा इतका राग यायचा की कधीकधी सोललेले वाल मी परत टरफलांत टाकायची.

गेल्या वर्षी तळा या लांबच्या तालुक्याच्या गावी, तिथल्या सरकारी दवाखान्यात लॅबच्या जागेसाठी मी चोरून परीक्षा दिली. माहेरी जाते म्हणून गेले आणि पेपर देऊन आले. माझा नंबर प्रतीक्षा यादीत तिसरा लागला. अल्पेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. येऊ दे तर कागद, मी बोलतो बाबांशी." दर खेपेला तो बाबांशी बोलणार असायचा. जेवून हात धुवेपर्यंत त्याला ट्रेलर काढायची घाई झालेली असायची. मग मीही यादी बघायचं सोडून दिलं.

या पौषातली गोष्ट. मंगळवारची गर्दी होऊन गेली होती, बुधवारची दुपार, पोटात दोनच टेबलांवर माणसं. मी पाटावर. खालून सासूबाईंचा आवाज आला, "चढ तू, मी झाकतंय कान." पायऱ्यांवर जड पावलं वाजली. मी सोलत राहिले.

पाइपातून आवाज आला तो अल्पेशचा.

तो आल्याचं मला माहीतच नव्हतं. ट्रेलर उभा करून तो थेट कानाशी गेला होता. सगळे करतात तशीच सुरुवात त्यानं केली, बाप्पाला माजा निरोप सांग म्हणून. मग हळू आवाजात म्हणाला, "कल्पिताचा कागद आलाय तल्याचा. वेटिंगमधनं नंबर लागला तिचा. मागच्या खेपेला पोस्टमननं माज्या हातात दिला. मी तिला सांगितला न्हाय. तीस तारखेपर्यंत हजर व्हायचा हाय. तेवढी तारीख जाऊ दे. ती गेली तर बाबा मना बोलवतील. मना इथं नको बसवू. या पोटात माजा जीव गुदमरतो."

नंबर लागला, हे मला आधी ऐकू आलं. त्याचा इतका आनंद झाला की त्यानं कागद लपवला हे समजायला क्षणभर वेळ गेला. मग समजलं. पंधरा दिवस तो कागद घेऊन फिरत होता. मागच्या खेपेला माझ्या हातची भाकरी खाताना तो कागद त्याच्याकडे होता. मला रडू आलं नाही. माझ्या मुठीत वालाचा चिखल झाला होता.

आणि खरं सांगायचं तर त्याचं शेवटचं वाक्य माझंच होतं. सहा वर्षं मी तेच म्हणत होते, फक्त मला कान नव्हता. तो त्या पोटातून पळाला होता, आणि त्याचं पळणं टिकावं म्हणून मी आत बसलेली हवी होते.

आजवर मी त्या पाइपातून एक शब्द बोलले नव्हते. बोललं की सगळं उघडं पडणार. त्याला माझा आवाज कळणार, मग पाइप कळणार, मग उंदीर संपला. संपू दे, म्हटलं मी. मी पाइपाला तोंड लावलं.

"कागद कुठं आहे?"

बाहेर काहीतरी घसरलं. त्याची चप्पल असावी. पाइपातून माझा आवाज जरा घोगरा जात असेल, पण माझाच होता.

"कोन?" तो म्हणाला.

"कुठं ठेवलायस कागद?"

"गाडीत," तो म्हणाला. "एकवीरा आईच्या फोटोमागं."

मी थांबले. त्यानं माझं नाव घ्यावं म्हणून थांबले. कल्पिता, तू आहेस का, एवढंच. तो नुसता श्वास घेत होता.

"तिला दे," मी म्हणाले. "आजच दे."

"देतो. पन मग इथं कोन बसंल?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. कागदापुरतं बोलणं झालं होतं. पण पंधरा दिवस, आणि सहा वर्षं, आणि दर खेपेचं ते मी बोलतो बाबांशी.

"तू," मी म्हणाले.

शिडी उतरून मी स्वयंपाकघरात येते तोच तो आत आला. घामानं भिजलेला. कागद त्यानं दोन्ही हातांनी पुढं केला, प्रसाद देतात तसा.

"उंदीर बोलला माज्याशी," तो म्हणाला.

"काय बोलला?"

"तुला हा द्यायला बोलला. आन मना इथं बसायला बोलला." मग खाली बघत म्हणाला, "तू मागितला असतास तर नसता दिला मी. खोटा कशाला बोलू."

तो खरंच खोटं बोलत नव्हता. मी त्याच्याकडे बघत राहिले. आता ओळखेल, मग ओळखेल. जेवायला वाढलं, त्याच्याशी मुद्दाम दोन-चार वाक्यं बोलले. मीठ देऊ का, भाकरी देऊ का. तो हो-नाही म्हणत होता आणि वर माळ्याच्या दिशेनं हात जोडत होता. सहा वर्षांच्या संसारात त्याच्या कानाला माझा आवाज लागलाच नव्हता. त्या क्षणी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कागद लपवल्याचं वाटलं नव्हतं.

घरात कुणी विरोध केला नाही. करणार कसा? बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघत बसले. तीस वर्षांत इतके केले, त्यातला एक बोलला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. अल्पेशनं ट्रेलरच्या मालकाला फोन केला आणि ट्रेलर नेऊन चावी परत दिली. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून मटकी शिजवायला लागला. मिसळीचा कट त्याला दोन दिवसांत जमला, थालीपीठं जमेनात. मी शिकवत होते आणि तो मान खाली घालून शिकत होता.

एकोणतीस तारखेला सकाळी मी निघाले. सासूबाईंनी मला मोरीपाशी बोलावलं आणि माझ्या तळहातावर दोन लवंगा ठेवल्या.

"घे तोंडात. घसा बसला असंल तुजा, तवढ्या पाइपातनं बोलून."

मी मूठ मिटली. त्या हळू हसल्या.

"मी डावा कान झाकून उभी व्हते गो. पन माजे दोन मोकले व्हते ना. माज्या सुनंचा आवाज मना कलनार न्हाय?"

"आई, मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"कशाला सांगू? बसू दे त्याला. मना कई कोनी इचारला नव्हता, बसतेस का म्हनून." मग त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उंदराच्या तोंडाकडे, बाहेरच्या बाजूला वळवलं. "जा तू. तल्याला बाजार भरतो ना, तिथं येईन मी मंगलवारची. मासली कर माज्यासाठी."

मंगळवारी त्यांना कोण सोडणार होतं? पण मी हो म्हणाले.

अल्पेश पिशवी घेऊन थांब्यापर्यंत आला. गळ्यात पंचा, हाताला बेसन. ट्रेलर, टेम्पो, मांडव्याकडे निघालेल्या गाड्या समोरून जात होत्या आणि तो प्रत्येक ट्रेलरकडे वळून बघत होता. कुणाचा नंबर ओळखीचा दिसला की हात वर करायचा. उंदराच्या पाटीखाली आम्ही दोघं उभे होतो.

मग तो म्हणाला, "एक सांगू? तो आवाज हाय ना, कोनाचा तरी वलखीचा वाटला मना. बाईमानसाचा व्हता. कई ऐकलाय तेच आठवत न्हाय."

माझ्या तोंडात लवंग होती. मी ती एका गालातून दुसऱ्या गालात नेली. सांगायचं तर आत्ताच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तो संध्याकाळपर्यंत ट्रेलरवर असता, आणि मी पाटावर. त्याच्या कपाळावर मटकीचं एक साल चिकटलं होतं. ते मी काढलं.

"आठवेल," मी म्हणाले.

एसटी आली. मी मागच्या खिडकीपाशी जागा धरली. गाडी हलली तेव्हा मला वाटलं तो हॉटेलात जाईल, दहाची गिऱ्हाइकं यायची वेळ झाली होती. तो पायऱ्या चढत होता. शेवटची पायरी चढून त्यानं दोन्ही हात उजव्या कानाच्या कडेला धरले आणि तोंड आत घातलं. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, लंगडत पलीकडे गेल्या आणि त्यांनी डाव्या कानावर पंजा ठेवला.

त्यानं काय मागितलं ते ऐकायला मला पाइप लागत नव्हता. पाटावर कुणी नव्हतं. वळण येईपर्यंत तो तसाच तोंड आत घालून उभा होता, उत्तराची वाट बघत.

"कुठनं बसलात?" कंडक्टरनं विचारलं.

"उंदीर," मी म्हणाले. "उंदीर ते तळा. एक हाफ."